चाखणाऱ्याला विष

पन्नाशी ओलांडलेले सरदार रंभाजीराव कधी वैद्याला नाडी दाखवत नसत. "धडधाकट माणसानं नाडी दाखवणं म्हणजे दुखण्याला आवतण!" असं ते मिशीला पीळ देत म्हणत. विषाची मात्र त्यांना भारी धास्ती. प्रत्येक पक्वान्नाचा एक घास आधी चाकर सिदोजीनं चाखायचा, मगच ते जेवायचे. हा रिवाज वीस वर्षं चालला होता.

एके दुपारी सरदारांनी श्रीखंडात बोटं घातली, तोच त्र्यंबकभट वैद्य धावत आले. "सरकार, थांबा! सिदोजीला विष भिनलंय!"

सरदारांनी आचाऱ्याकडं बोट दाखवलं. शिपायांनी आचाऱ्याची मानगूट धरली.

"सोडा त्याला," वैद्य म्हणाले. "सिदोजीच्या पायाची जखम भरत नाही, नजर अंधुक झालीय, लघवीला मुंग्या लागतात. मधुमेह आहे हा. वीस वर्षं तुमचं तूप-साखर चाखून जडलाय."

"नुसतं चाखून?" सरदारांनी विचारलं.

"होय सरकार. तो तर घासभरच खायचा. ताट कोण संपवायचं?"

सरदारांनी श्रीखंडानं माखलेला हात तसाच वैद्यांपुढं धरला.