थोरलीने राखून ठेवलेलं गाणं

खूप जुनी गोष्ट आहे. एका रुंद नदीच्या काठी गव्हाच्या शेतांचा एक देश होता. तिथे प्रत्येक गावाचं सुगीचं वेगळं गाणं असे. शेवटची पेंढी बांधली, की दोन बहिणींनी ते म्हणायचं. थोरलीने शब्द उचलायचे, धाकटीने खालचा सूर धरायचा. गाणं लांबलचक असे आणि त्याचे शब्द एका पिढीतली थोरली पुढच्या पिढीतल्या थोरलीलाच शिकवी. ते अवेळी म्हटलं तर पेरलेलं उगवत नाही, असं लोक मानत.

मग त्या देशावर शत्रू चालून आला. शेतं जळाली. माणसं जीव मुठीत धरून शहराकडे पळाली. अशाच एका जळालेल्या गावातल्या, सुगीचं गाणं म्हणणाऱ्या दोन म्हाताऱ्या बहिणी शहरातल्या धान्याच्या रिकाम्या तळघरात येऊन राहिल्या.

एका दुपारी तिथे एका आंधळ्या वादकाने गाण्याची बैठक मांडली. ज्याने त्याने आपल्या गावाचं गाणं म्हणावं, असं त्याने सांगितलं. वर तोफा धडधडत होत्या. छताची माती त्याच्या वाद्याच्या तारांवर पडे. तो फुंकर मारून ती उडवी आणि पुन्हा वाजवू लागे. आयांनी मुलांचे कान झाकले होते. गाणं सुरू झालं, की त्या हळूच हात काढत. टाळ्या मात्र कोणी वाजवल्या नाहीत, कारण त्या आवाजानेही मुलं दचकत. लोक नुसते रुमाल हलवत.

एकेक गाव गाऊन झालं. या बहिणींच्या गावाची पाळी आली, तशी थोरलीने मान हलवली.

"सुगीशिवाय नाही. पेरलेलं उगवणार नाही."

"आक्का, पेरलंय कोणी?" धाकटी म्हणाली.

कोपऱ्यातला एक म्हातारा गिरणीवाला म्हणाला, की राजाच्या खजिन्यालाही नसेल एवढं मोठं कुलूप या आजींच्या गळ्याला आहे. दोघेचौघे हसले. धाकटीने पुन्हा विनवलं. गावातली उरलेली माणसं आज समोर होती, उद्या कोण कुठे असेल याचा नेम नव्हता. थोरलीने तिचा हात हातात घेतला.

"आपल्या शेतात उभी राहून म्हणेन गं. तोवर जपलंय."

दुसऱ्या दिवशी थोरली नदीवर पाणी आणायला गेली. तिथे तोफेचा गोळा पडला. ती परत आली नाही.

तीन वर्षांनी लढाई थांबली. वाचलेली माणसं गावी परतली. त्यांनी पेरलं, कापलं, आणि शेवटची पेंढी बांधून सगळे धाकटीभोवती जमले. तिला वाटलं होतं, जन्मभर बहिणीशेजारी उभी राहिले, शब्द आपोआप ओठांवर येतील. पण जन्मभर तिने बहिणीच्या तोंडाकडे पाहून सूर कुठे सोडायचा, एवढंच ध्यानात ठेवलं होतं. तिच्या गळ्यातून खालचा सूर तेवढा निघाला. इतरांना दोनचार तुटक शब्द आठवले, पण ते एकमेकांना जुळेनात.

मुलांनी मात्र तो सूर उचलला. आजही त्या गावात सुगीला तेवढाच एक लांब, खोल हुंकार घुमतो. म्हातारी माणसं मान खाली घालून उभी राहतात. मुलांना वाटतं, आपलं गाणं एवढंच आहे.

जे जपायचं ते हाती असतानाच वाटून टाकावं. राखून ठेवलेलं राखणाऱ्याबरोबर जातं.