पहिल्या हाकेचा ब्रोदार

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल झाला त्याच्याही आधी, आणि ज्यांनी पूल नको म्हणून भांडण केलं त्यांच्या आज्यापणज्यांच्याही आधी, एका ओहोटीला पाणथरे गावाच्या पुळणीवर एक माणूस सापडला. फुटलेल्या गलबताच्या फळीला त्याने मिठी मारली होती. ती सोडवायला चार गडी लागले, असं म्हणतात.

गावाची तर, म्हणजे माणसं पलीकडे पोचवणारी होडी, तेव्हा धाकू तांडेल चालवायचा. त्याने त्या माणसाला घरी नेलं आणि पेज पाजली. एका पावसाळ्यात तो माणूस आपली भाषा बोलू लागला. लुका ब्रोदार हे त्याचं नाव. सात समुद्रांपलीकडच्या थंड मुलखात त्याचं गाव होतं, आणि त्याच्या सात पिढ्यांनी तिथल्या नदीवर होडी चालवली होती. त्यांच्या बोलीत ब्रोदार म्हणजे होडीवाला.

"थंडीत आमची नदी दगडासारखी होते. माणसं चालत जातात," लुका म्हणाला.

"मग होडी कशाला ठेवता रे?" धाकूने विचारलं.

"तीन महिने नदी आम्हाला सुट्टी देते, तात्या. नऊ महिने देत नाही."

धाकूची मुलगी सुंदरा हसून म्हणाली, "जमादार, चौकीदार, तसा ब्रोदार. आपल्यातलाच वाटतो की."

लुका धाकूच्या हाताखाली तर चालवू लागला. त्याच्या घराण्याचा नियम एकच होता. पलीकडून हाक आली की निघायचं. पण पाणथऱ्याचा नियम वेगळा होता. "तिसऱ्या हाकेला ओ द्यायची," धाकूने बजावलं. "माणूस तीनदा हाक मारतो. पाण्यातलं दुसरं जे असतं, ते एकदाच मारतं." ज्या घरची पेज खाल्ली, त्या घरचा नियम लुकाने मानला.

पुढे एका सकाळी खाडीवर दाट धुकं होतं. पलीकडून हाक आली. लुकाने वल्हं उचललं, मग नियम आठवला, आणि वल्हं खाली ठेवून तो दुसऱ्या हाकेची वाट बघत बसला. दुसरी हाक आलीच नाही. धुकं विरलं तेव्हा पलीकडच्या धक्क्यावर काशी कासारीण पडलेली दिसली. बांगड्यांची टोपली तिच्या उशाशी होती. तिला पान लागलं होतं. सापाच्या विषाने तिच्या अंगात एकाच हाकेपुरतं बळ ठेवलं होतं.

"तुझा दोष नाही," धाकू म्हणाला. "शिकवलं मी."

"पण बसून राहिलो मी," लुका म्हणाला. "तात्या, आजपासून मला ब्रोदार म्हणू नका. हाक ऐकून वल्हं खाली ठेवलं, त्याला ते नाव लागत नाही."

त्या दिवसापासून कोणी आडनावाने हाक मारली तर तो वळून बघत नसे. मात्र पलीकडून पहिली हाक आली की तो निघे. कितीदा तरी पलीकडे कोणीच नसे. वारा असे, नाहीतर एखादी टिटवी. धक्क्यावरची माणसं चेष्टा करत. "काय लुका, भुताला बसवून आणलंस का?"

"आज उभं नव्हतं," लुका म्हणे. "असतं तर आणलं असतं."

अशी दोन वर्षं गेली. सुंदरा लग्न होऊन पलीकडच्या मोरवंड्यात नांदू लागली. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारीच अंधारून आलं आणि खाडीला असं उधाण आलं की धक्क्याच्या पायऱ्या दिसेनात. तेवढ्यात पलीकडून हाक आली. एकच.

धाकूने होडीचा दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला. "लुका, या पाण्यात मासासुद्धा वळत नाही. आणि हाक एकच आहे."

"म्हणूनच जातो. दोर सोडा, तात्या."

लुका गेला. कोणी म्हणतात, लाटांनी दोन्हीकडे सरून त्याला वाट दिली. पण जुनी माणसं वेगळंच सांगतात. होडीच्या खाली खाडी पांढरी होत गेली, त्याच्या गावच्या नदीसारखी गोठली, आणि होडी तिच्यावरून घसरत पार झाली, असं म्हणतात.

पलीकडे सुंदरा होती. दिवस भरलेली, कळा सुरू झालेल्या, आणि सासरची माणसं शेतावर. सुईण अलीकडे, पाणथऱ्यात. दुसरी हाक मारायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं. लुकाने तिला उचलून होडीत निजवलं, आणि खाडीच्या मध्यावर तिला मुलगी झाली.

होडी परत लागली तेव्हा धाकू कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. लुकाच्या मुठी वल्ह्यावर आवळल्या होत्या, त्या सुटत नव्हत्या. सुंदरा लेकीला छातीशी धरून म्हणाली, "बाबा, आधी ब्रोदारांचे हात सोडवा."

आणि लुका त्या नावाला वळला.

त्या मुलीचं नाव गोजरा. वयात आल्यावर ती एकदा एकाच हाकेला, कोणाला न विचारता, तर घेऊन निघाली. त्या दिवशी लुकाने आपलं आडनाव तिला दिलं. तेव्हापासून ते बापाकडून लेकाकडे जात नाही, वल्ह्याबरोबर जातं. तापाच्या साथीत पलीकडच्यांना कोणी दारात घेईना, तेव्हा गोजरा ब्रोदारने अख्खं मोरवंडं अलीकडे आणलं. दालदी कोळ्यांच्या वाड्यातला हसन ब्रोदार ईदच्या दिवशी भरल्या ताटावरून उठून गेला. शिदू ब्रोदार दोन्ही कानांनी बहिरा होता, पण हाक त्याला वल्ह्याच्या लाकडातून कळायची, असं म्हणतात.

आज गावात ब्रोदारांची चार घरं आहेत. त्यांचं रक्त एक नाही, जात एक नाही, देवही एक नाही. बाहेरचा कोणी विचारतो, "हे ब्रोदार म्हणजे कोणातले?" गाव सांगतं, "पहिल्या हाकेचे."

मीही पाणथऱ्याचाच, पण शिकायला लुकाच्या त्याच थंड मुलखात होतो. गोठलेल्या नदीवरून चाललोही. तिथे हे आडनाव मला एकाच थडग्याच्या दगडावर मिळालं. इथे मात्र ते नांदतं आहे.

पूल झाला आणि तर थांबली. पण नारळी पौर्णिमेच्या आदल्या दुपारी गावातलं एक म्हातारं माणूस अजूनही पलीकडे जाऊन उभं राहतं आणि एकच हाक मारतं. ज्याला ती आधी ऐकू येते, तो हातातलं काम टाकून होडी काढतो. आणि एरवीही पाणथऱ्यात आई पोराला जेवायला एकदाच हाक मारते. पोर लगेच आलं नाही, तर ती दुसरी हाक मारत नाही. हातातला डाव खाली ठेवते आणि स्वतः बघायला निघते.