बारा टोळ्यांचा नळ

गोष्ट फार जुन्या काळची. राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, नगराचंही नाही. एवढंच आठवतं की त्या नगरातल्या विहिरींचं पाणी खारट झालं आणि माणसं हैराण झाली.

राजाने ठरवलं, होळीपर्यंत गोडं पाणी मिळालं तर ठीक, नाहीतर राजधानी दुसरीकडे हलवायची. हे ऐकून कुंभारवाड्यातली भिवरा विचारात पडली. नगरच उठून गेलं तर मडकी घेणार कोण? पंचवीस घरांची चाकं थांबली असती.

भिवराला एक काम चांगलं येत होतं. भाजलेल्या मातीच्या नळ्या एकात एक बसवून तिने शेजारच्या वाडीला झऱ्याचं पाणी आणून दिलं होतं, तेही पाच जणांना हाताशी धरून. तिची रीत साधी होती. दिवसभरात होईल तेवढाच नळ बसवायचा आणि दिवस मावळायच्या आत वरून घागरभर पाणी ओतायचं. पाणी खाली आलं तर जेवायला बसायचं, गळलं तर आधी सांधा दुरुस्त करायचा. तिने राजापुढे जाऊन सांगितलं, "होळीपर्यंत पाणी आणते."

पण नगरासाठीचा झरा होता सहा कोसांवर, डोंगरात. सहा माणसांना तिथून नळ आणायला वर्षं लागली असती. प्रधान हुशार माणूस, निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं. त्याने बारा टोळ्या केल्या आणि प्रत्येकीला अर्धा कोस नेमून दिला. टोळीवर मुकादम, मुकादमांवर मोठा मुकादम, आणि जिचं काम सगळ्यांत पुढे त्या टोळीला मानाचं निशाण. भिवराने सगळ्यांना आपली रीत शिकवली. ती स्वतः सातव्या टोळीत राहिली, आणि निशाण बहुतेक वेळा तिच्याच टोळीकडे असे.

रोज संध्याकाळी बारा घागरी ओतल्या जात आणि बाराही ठिकाणी पाणी खाली येई. मुकादम मोठ्या मुकादमाला सांगत, तो प्रधानाला सांगे, आणि प्रधान राजाला सांगे की सगळं झकास चाललंय.

होळीला महिना उरला तेव्हा झरा सोडला. पाणी पहिल्या टोळीच्या नळातून ऐटीत निघालं आणि दुसरीच्या हद्दीवर जाऊन मातीत मुरलं. पहिलीच्या नळ्या रुंद, दुसरीच्या अरुंद. चौथीचा नळ वाटेच्या डावीकडून आला होता, पाचवीचा उजवीकडून. सहावीचा नळ जिथे संपत होता, तिथे सातवीचा हातभर उंचावर सुरू होत होता. जो तो म्हणे, आमच्यातून पाणी जातं, येऊन बघा. आणि खरंच जात होतं.

प्रधानाने आणखी चोवीस मुकादम नेमायचं सुचवलं.

भिवरा सहावी-सातवीच्या हद्दीवर बसून राहिली. तिला स्वतःचाच राग आला होता. वाडीच्या कामात ती घागर झऱ्यापाशीच ओतायची, कारण दुसरी जागाच नव्हती. इथे प्रत्येकाने ती आपापल्या नळाच्या तोंडाशी ओतली, तिनेसुद्धा. रीत तिने शिकवली, पण ती कशासाठी हे सांगायचं राहिलं.

मग ती उठून प्रधानाकडे गेली. "आता बारा घागरी बंद," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी झराच सोडायचा. पाणी जिथे अडेल, तिथे वरची आणि खालची टोळी मिळून खपेल. मुकादमांच्या हातात कुदळी द्या."

"आणि निशाण?" प्रधानाने विचारलं.

"ते सध्या घडी करून ठेवा, सरकार."

दहाव्या दिवशी पाणी सातव्या टोळीपाशी येऊन थांबलं. सहावीचा नळ उचलावा तर उतारच राहत नव्हता, पाणी पुढे सरकणारच नाही. उकरायचा तो भिवराचाच नळ, तोही पुरता अर्धा कोस. त्यातून कधी थेंबही गळला नव्हता. तिचा दीर चिडला. "वहिनी, आपला नळ चोख आहे. मग आपणच का मोडायचा?"

भिवरालाही तसंच वाटत होतं. तिचे डोळे भरून आले. "चोख आहे, भावजी," ती म्हणाली, "पण कोरडा आहे." आणि पहिली कुदळ तिनेच घातली. ते बघून पाचवी, सहावी आणि आठवी टोळी न बोलावता येऊन मदतीला लागली.

होळी उजाडली तेव्हा राजवाड्यापुढे गाड्या भरून तयार होत्या. पाणी अजून नगरापासून दीड कोसावर, नववीच्या शेवटाला होतं. राजा स्वतः तिथवर गेला. नळाखाली ओंजळ धरून प्याला आणि अजून किती दिवस लागतील म्हणून विचारलं.

"परवा आठवीच्या शेवटाला होतं, महाराज. आज इथे आलंय," भिवरा म्हणाली. "पुढचा अंदाज तुम्हीच करा."

इतके दिवस राजाने नुसतं ऐकलं होतं, आज पाणी त्याच्या हातात होतं. त्याने परत जाऊन गाड्या रिकाम्या करायला लावल्या. आठ दिवसांत नगराच्या हौदात गोडं पाणी पडलं. हंडे भरायला आलेल्या बायकांपैकी एकीनेही विचारलं नाही की कुठला नळ कुणी बसवला.

काम कितीही जणांत वाटून घ्यावं, पण ते झालं की नाही हे आपल्या तुकड्यात बघू नये, ज्याच्यासाठी ते काढलं त्याच्या भांड्यात बघावं.