तोडीचा गंधार

“बुवा, खातं बंद केलं मी. आता तरी शिकवाल का मला?”

नमस्कार नाही की चमत्कार नाही; अंगणात पाऊल टाकताच शर्वाणीने विचारून टाकलं. चार वर्षांनी येत होती. कुडाळजवळच्या याच घरात ती सात वर्षं गाणं शिकली, आणि मोबाईलवर गायला लागली तशी इकडची वाटच विसरली.

दाजीबुवा कोकमाची सोलं घालायला रातांबे फोडत बसले होते. मान वर करून ते तिच्या तोंडाकडे नीट पाहत होते.

“कसलं खातं?”

“गाण्याचे व्हिडिओ टाकायचे ते. चाळीस हजार माणसं होती, बुवा. सोडली सगळी! निरोपाचं लांबलचक लिहिलं आणि मोकळी झाले.”

“वाचलं किती जणांनी?”

“अकरा हजार दोनशे,” ती बोलून गेली, आणि मग तिने जीभ चावली.

“बरीच मोकळी झालीस की!” बुवा हसले.

शर्वाणी त्यांच्यासमोर मट्कन बसली. आता खरं दुखणं बाहेर आलं.

“दीड मिनिटापुढे गाताच येत नाही मला. आलाप धरला की वाटतं, लोक कंटाळले, पुढे सरकले. घरात एकटी असले तरी तेच. माझं गाणं गेलं, बुवा... काय बिघडलंय ते तुमच्याच कानाला कळेल. एकदा ऐका.”

बुवा तिच्याकडे बघत राहिले.

“तोडी गाऊन दाखवू?”

“गा.”

ती गायला लागली. डोळे मात्र बुवांच्या चेहऱ्यावर. पूर्वी गंधार केसभर हलला तरी “अंहं!” असा आवाज कडाडायचा, आणि मग जेवणवेळेपर्यंत तेवढा एकच सूर. त्या ‘अंहं’ची तेव्हा तिला धडकी भरायची. आज ती त्याच्याचसाठी आली होती.

गंधार चढला. चांगलाच चढला.

बुवा रातांबे फोडत राहिले.

तिने पुन्हा घेतला. पुन्हा चढा! ती थांबली, तसं बुवांनी वर पाहिलं.

“बुवा, गंधार चढला माझा.”

“चढला? ... असेल.”

“तुम्ही बोलला नाहीत!”

बुवांनी लाल झालेलं बोट कानाला लावलं. “दोन वर्षं झाली. बोलणं ओठांवरून कळतं. सूर नाही कळत.”

शर्वाणीला रडूच फुटलं. कुडाळ म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. तिच्या घरापासून तासाभराची वाट. “अहो, कळवायचंत तरी! धावत आले असते मी.”

“त्याआधी दोन वर्षं ऐकू येत होतं चांगलं. दर गुरुवारी तंबोरा लावून बसायचो. गुरुवार तुझा होता ना...”

त्या दोन वर्षांतल्या गुरुवारी आपण काय करत होतो, ते तिला पक्कं आठवलं. खिडकीपाशी उजेड बरा पडतो म्हणून तिथे मोबाईल उभा करायची आणि मग दिवसभर आकडे बघत बसायची.

“चुकलं माझं, बुवा.”

“हो,” बुवा म्हणाले. समजूत काढायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

मग ओढणीने डोळे पुसत, एखाद्या लहान पोरीसारखं तिने विचारलं, “मग आता माझं गाणं ऐकणार कोण?”

बुवांनी रातांब्यांची परात बाजूला सारली.

“कुणी नाही. आता गा.”