याहून वाईट प्रश्न दाखवा!

"ब्लाउजचा प्रोग्राम चालेना. काय करू?"

एवढाच प्रश्न! ना कोड, ना चूक काय दिसते त्याचा पत्ता. विचारणाऱ्या होत्या मालन वायदंडे, जतच्या शिलाईवाल्या. आणि विचारला होता माझ्या गटात! प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्या या ऑनलाइन गटाचा मी, विश्राम केळुसकर, प्रमुख. अकरा हजार सभासद आणि प्रश्न कसा विचारावा याचे मी स्वतः लिहिलेले सत्तावीस नियम! ते माझ्याखेरीज कोणी वाचले होते की नाही, देव जाणे.

मी तावातावाने लिहिलं, "बाई, बारा वर्षांत इतका वाईट प्रश्न पाहिला नाही!"

"सर, शिलाई मला येते, प्रश्न विचारायला अजून येत नाही. तेवढं समजून घ्या की!"

"समजून घेणार नाही! याहून वाईट प्रश्न दाखवा, मग तुमचा प्रोग्राम मी स्वतः दुरुस्त करतो. नाहीतर गट सोडा!"

"कोणाचाही चालेल?"

"कोणाचाही!"

मी निर्धास्त होतो. पण तासाभरात बाईंनी दुसऱ्या कुठल्यातरी गटातल्या एका जुन्या प्रश्नाचं चित्र टाकलं. विचारणाऱ्याचं नाव झाकलेलं होतं. मजकूर असा: 'माझा प्रोग्राम बिघडला आहे. कोड दाखवणार नाही, कोणीतरी चोरेल. उद्या सकाळपर्यंत दुरुस्त करून पाठवा!!!'

"सर, हा कसा वाटतो?"

मला चेव चढला. "हा कोण गाढव? कोड लपवतो आणि वर हुकूम सोडतो! याला संगणकाच्या आसपास फिरकू देऊ नका!"

"म्हणजे माझ्याहून वाईट?"

"शंभरपट वाईट!"

"मग मी जिंकले! आणि सर, हे गाढव तुम्हीच!"

बाईंनी नाव उघडं केलं. विश्राम केळुसकर, वय एकोणीस!

माझे कान तापले. "हे... हे कुठे मिळालं?"

"विचारण्याआधी शोधा, असं तुम्हीच लिहिलंय. मी तुमचं नाव शोधलं! त्याखाली कोणा नलिनीताईंचं उत्तरही आहे. 'घाबरू नकोस. पडद्यावर काय दिसतंय ते आधी सांग.'"

अकरा हजार सभासद माझी वाट बघत होते. मी आधी खोकलो, मग एकटाच खो खो हसत सुटलो. आतल्या खोलीतून बायकोने विचारलं, "बरं आहे ना?"

शेवटी लिहिलं, "घाबरू नका. पडद्यावर काय दिसतंय?"

"छातीचं माप चौतीस टाकलं, ढिलाईचे दोन इंच मिळवले, तर तीनशे बेचाळीस येतात! एवढ्या मापात गिऱ्हाईक नाही, आख्खी गल्ली बसेल!"

मी कोड मागवून पाहिला. प्रोग्राम बेरीज न करता चौतीसला दोन चिकटवत होता. आकड्यांना तो अक्षरं समजला होता. पाच मिनिटांत दुरुस्त झाला.

"मालनताई, बक्षीस म्हणून आजपासून गटाच्या प्रमुख तुम्ही!"

"प्रमुखपद नको, सर. नवीन माणसाला पहिलं उत्तर मी देईन, दुसरं तुम्ही द्या. तोवर तुमचा राग उतरलेला असेल!"

मी पुन्हा हसलो आणि मंजुरी दिली. आजतागायत माझा नंबर दुसरा आहे.