सोलीचा उपवास

सोली बर्कोविच हा लीड्सच्या ज्यू वस्तीतला पोरगा आणि एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचा हुकमी स्ट्रायकर. त्या वर्षी योम किप्पुर, म्हणजे ज्यूंचा निर्जळी उपवास, नेमका सामन्याच्या दिवशी आला. चांदण्या दिसल्या की उपवास सुटणार आणि लगेच सामना सुरू होणार.

आदल्या दिवशी क्लबचे अध्यक्ष थॉर्नबीसाहेब सगळ्या संघासमोर कडाडले, "उद्या दुपारी सगळ्यांबरोबर जेवायचं, नाहीतर क्लब सोडायचा! पोटात कावळे ओरडत असताना कुणी गोल करतं का?"

सोली बुटाची नाडी बांधत म्हणाला, "साहेब, महिनाभर आम्ही अकराही जण भरपेट जेवून उतरलो आणि प्रत्येक सामना हरलो. उद्या एकाला उपाशी खेळवून तर बघा!"

संघ खो खो हसला. साहेबांना नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी सोलीने घोटभर पाण्यावर दोन गोल ठोकले.

साहेब इतके खूश झाले की पुढच्या सामन्याला त्यांनी अख्ख्या संघाचं जेवणच बंद केलं! सोलीने मात्र आईने दिलेला तळलेल्या माशांचा डबा उघडला. साहेबांनी डोळे वटारले.

"माझा उपवास मागच्या आठवड्यातच सुटला, साहेब," सोली म्हणाला. "आजचा तुमचा आहे. तुम्हीच धरा!"