डाव्या पुडीची कणीक

“म्हणजे हे मलम जन्मभर लावत बसायचं, नाना?”

शाल्मलीने ट्यूब देवळाच्या फरशीवर आपटली. पखवाज शिकवणारे नाना गुरव टाळ पुसत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

पोर पंधरा वर्षांची. हातात जादू आणि राग नाकाच्या शेंड्यावर! तिच्या कोपरांवर सोरायसिसचे लाल, खवलेदार चट्टे होते. उन्हाळ्यात ते औषधाने विरले, तशी या बाईसाहेबांनी ट्यूब फडताळात टाकली. आता ऐन जत्रेच्या दिवशी ते दुप्पट जोराने परतले होते.

“डॉक्टर काय म्हणाले गो?”

“दुसऱ्या कुणाला लागण होत नाही. वाजवायला हरकत नाही. पण मलम रोज.” तिने ट्यूब पायाने दूर सारली. “मला एकदाच, कायमचं बरं व्हायचंय. तोवर लोकांसमोर बसणार नाही मी. संध्याकाळी वाजवायला दुसरं कुणी बघा.”

नानांनी टाळ खाली ठेवले.

मग त्यांनी पखवाज तिच्यापुढे सरकवला.

“बरं बाय. जाण्याआधी एकदा वाजव.”

तिने डाव्या बाजूच्या चामडी पुडीवर थाप मारली. फट्! फुटक्या मडक्यासारखा आवाज आला.

या पुडीवर ओली कणीक थापतात, तेव्हा पखवाज घुमतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. इथे मात्र कालचीच कणीक वाळून तडकली होती.

“ही कुणी ठेवली?”

“मीच. काल इतकी छान लागली होती! म्हटलं, राहू दे. रोज रोज कोण मळत…”

तिने जीभ चावली.

नानांनी पिठाची परात तेवढी पुढे केली.

शाल्मलीने पुडी खरवडली. नवी कणीक मळली, थापली, बोटाने कडा सारखी केली. थाप पडली आणि सगळा सभामंडप घुमला. तिला हसू आवरेना.

हात धुऊन तिने ट्यूब उचलली. बाही वर सारून मलम लावलं. दुसऱ्या कोपराशी हात थांबला.

“पण नाना… कुणी विचारलं, हे रोज काय लावतेस, आजारी आहेस का, तर?”

नानांनी पखवाजावरून हात फिरवला.

“साठ वर्षं रोज कणीक लावतोय मी ह्याला. हा आजारी आहे का, असं अजून एकानेही विचारलं नाही गो.”